मदत हवी आहे - जॉर्ज फर्नांडिस आणि ७४ चा रेल्वे संप, सोलापूरच्या आठवणी

नमस्कार मंडळी, पुतणीला कॉलेजात जॉर्ज फर्नांडिसवर दहा मिनिटं बोलायचंय आणि काकू म्हणून ते माझ्या गळ्यात पडलंय. तिने लिहून आणलं की आधी रेल्वे युनियनचे नेते, मग खासदार. मी म्हटलं अगं उलटं आहे, १९६७ लाच दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडून ते लोकसभेत गेले होते, ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचं अध्यक्षपद आलं १९७३ ला. मग ८ मे १९७४ चा संप, २७ मे ला मागे घेतला. आणीबाणीत जेल, आणि १९७७ ला जेलमधूनच मुजफ्फरपूरला निवडून आले! ज्या रेल्वेचं चाक थांबवलं तिचेच १९८९ ला मंत्री, कोकण रेल्वेला गती तेव्हाच मिळाली. हे सगळं मिळतं हो कुठेही.

मला हवंय ते आपल्याकडचं. माझे सासरे लोको शेडला होते, सासूबाई सांगतात की त्या वीस दिवसांत रेल्वे लाईन्सला शिट्टीच ऐकू येईना म्हणून त्यांना झोप लागायची नाही, आणि जेवणात रोज भाकरी नि शेंगाचटणी, भाजी बंद. सासरे आता नाहीत, विचारायचं राहूनच गेलं.

तर कोणाच्या घरी त्या संपातले कोणी आहे का? हँडबिल, फोटो काहीही चालेल. आणि हिराचंद नेमचंद वाचनालयात मे ७४ चे पेपर बघायला मिळतात का? रविवारच्या आत सांगा प्लीज.