गच्चीवर सोडलेला एसीचा गॅस (सोसायटी ग्रुप)

बी-५०२ काकू: दुपारी गच्चीवर पापड वाळत घालायला गेले तर ए-३०४ च्या एसीवाल्याने पाइपचा नट सरळ सैल केला आणि सगळा गॅस फुस्सकन हवेत सोडला, नटावर पांढरं बर्फ जमलं होतं, खाली फरशीवर तेल. मी ओरडले तर म्हणतो मावशी काही होत नाही, वास तरी येतोय का. सेक्रेटरी साहेब, हे चालतं का आपल्याकडे??

ए-३०४: काकू नमस्कार. १२ वर्षं जुना एसी, भंगारात चाललाय. फरशी पुसून देतो. पण लगेच ग्रुपवर टाकायची काय गरज होती, फोन केला असता तरी चाललं असतं

बी-५०२ काकू: दोनदा केला, उचलला नाहीत. आणि प्रश्न फरशीचा नाहीये. युनिटच्या पाटीवर आर-२२ लिहिलंय, त्या गॅसमध्ये क्लोरीन असतं. वर गेल्यावर अतिनील किरणांनी ते सुटतं, ओझोनमधला एक ऑक्सिजन ओढतं, परत मोकळं होतं, परत पुढचा ओझोन मोडतं. एकच अणू हजारो रेणू मोडतो हो

सी-१०२: माझ्या बाल्कनीत वरच्या एसीचं पाणी पडतंय तेही याच विषयात घ्या

ए-२०१ नाना: काकूंचा तास सुरू, हजेरी लावा 😀

ए-३०४: ओझोनच्या थराचं भोक अंटार्क्टिकावर आहे ना, आपल्या गच्चीचा काय संबंध

बी-५०२ काकू: गॅस वर्षानुवर्षं हवेत राहतो, वारा तो सगळीकडे नेतो. तिथे हिवाळ्यात उणे ७८ च्या खाली थंडी पडते, वर बर्फाचे ढग होतात, त्यांच्यावर क्लोरीन तयार होऊन बसतं आणि सप्टेंबरात ऊन आलं की ओझोन फस्त करतं. म्हणून भोक तिथे, गॅस मात्र सगळ्या जगाचा

बी-२०३: पण पेपरात येतं शहरात ओझोन वाढला, श्वासाला वाईट. मग चांगला की वाईट?

बी-५०२ काकू: खालचा गाड्यांच्या धुरावर ऊन पडून होतो, तो छातीला त्रास देतो. वरचा १५ ते ३५ किलोमीटरवर असतो, तो त्वचेचा कॅन्सर, मोतीबिंदू आणणारे किरण अडवतो. तो सगळा गोळा करून जमिनीवर पसरला तर जेमतेम ३ मिलिमीटरचा थर होईल. एवढ्यावर आपण जगतोय

सी-१०२: माझ्या बाल्कनीत वरच्या एसीचं पाणी पडतंय. ३ महिने झाले

ए-१०४: त्या एसीवाल्याची बाईक माझ्या पार्किंगमध्ये होती ते कोणी बघितलं नाही वाटतं

ए-३०४: सगळं माझ्यावरच काढा. टाकीच्या वेळी पण हेच झालं होतं

बी-४०१: मी कूलिंगच्याच धंद्यात आहे म्हणून सांगतो. एसी नुसता हलवायचा असेल तर पंप डाऊन, लिक्विडचा व्हॉल्व्ह बंद करून कॉम्प्रेसर चालू ठेवायचा, गॅस आउटडोअरमध्ये जमतो मग दुसरा व्हॉल्व्ह बंद, ५-१० मिनिटांचं काम. पण भंगारात द्यायचा तर भंगारवाला पाइप कापणारच, तेव्हा रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्येच काढून घ्यायला लागतो. नवीन एसीतल्या आर-३२ गॅसमध्ये क्लोरीन नाही, पण तोही पृथ्वीचं तापमान वाढवतो, सोडायचा नाहीच

बी-२०३: भोक बुजतंय असं ऐकलं होतं ते खोटं का मग?

बी-५०२ काकू: खरं आहे, बुजतंय, कारण १९८७ च्या माँट्रियल कराराने सीएफसी, म्हणजे क्लोरीनवाले जुने कूलिंगचे गॅस, बंद पाडले, भारतही १९९२ पासून त्यात आहे. तरी अंटार्क्टिकावर १९८० सारखं व्हायला २०६६ उजाडेल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. माझी नात तेव्हा पन्नाशीत असेल. एवढ्या कष्टाने सुधारतंय त्यात आपण नट सैल करून भर घालायची, जीव तुटतो हो माझा

ए-३०४: काकू खरंच माहीत नव्हतं. बेडरूमचा दुसरा पण जुनाच आहे, उद्या ११ ला काढणार होते, थांबवतो. बी-४०१ साहेब तुमच्याकडे मशीन आहे का?

बी-४०१: आहे. रविवारी सकाळी येतो

सेक्रेटरी: गेटवर सूचना लावतो, गॅस काढायचं मशीन असेल तरच एसीवाल्याला वर सोडायचं. सी-१०२, पाण्याचं बघतो

सी-१०२: मागच्या वेळी पण बघतो म्हणाला होतात