'नागरी सदस्य' की 'मुलकी सदस्य'?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ)
गावच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी सुदानवर लिहितो आहे. २०१९ मध्ये ओमर अल बशीर यांची सत्ता गेल्यावर लष्कर आणि आंदोलकांनी मिळून ११ जणांची सार्वभौम परिषद नेमली. ५ लष्कराचे, ५ आंदोलकांकडचे, अकरावा दोघांच्या संमतीचा बिगरलष्करी. 'नागरी सदस्य' लिहिलं, तर बाबा म्हणाले, "शहरातले काय?" 'मुलकी' चालेल का? आणि सरकार 'हंगामी' म्हणू का?

उत्तर (मूर्तिजापूर)
भाऊ, बाबांचं बरोबर आहे. नागरी सुविधा, नागरी बँक अशा ठिकाणी नागरी म्हणजे शहरीच वाटतं. 'मुलकी व लष्करी' ही मराठीतली जुनी जोडी आहे, तीच घ्या. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना त्यावरून मुलकी पाटील आठवेल. आठवू द्या. सारावसुली त्याच्याकडे, बंदोबस्त पोलीस पाटलाकडे. सुदानातही कारभार मुलकी मंडळींकडे आला, बंदुका लष्कराकडेच राहिल्या.

'हंगामी' मात्र अजिबात नको. हंगामी सरकार निवडणुकीपर्यंत रोजचं काम रेटतं. पंतप्रधान अब्दल्ला हमदोक यांच्या सरकारनं बायकांच्या कपड्यांवरून त्यांना फटके मारायची मुभा देणारा कायदा २०१९ मध्ये रद्द केला, २०२० मध्ये मुलींची सुंता गुन्हा ठरवली. एवढं करणाऱ्यांना हंगामी म्हणणं मला पटत नाही. 'संक्रमणकालीन' लिहा. जड आहे, पण अर्थ नेमका आहे.

उत्तर (आर्वी)
'सत्तेची वाटणी'ही टाळा. वाटणी झाली की भाऊ वेगळे होतात. इथे तर एकत्र बसून कारभार करायचा होता. 'सत्तेतली भागीदारी' म्हणा. परिषदेचं अध्यक्षपद आधी २१ महिने लष्कराकडे, मग १८ महिने मुलकी सदस्याकडे, असं ठरलं होतं. त्याला आपला 'पाळी' हा शब्द चपखल आहे. मुलकी सदस्याची पाळी आलीच नाही.

प्रश्नकर्ता
मग असं लिहितो: 'मोहम्मद अल फकी सुलेमान हे संक्रमणकालीन सार्वभौम परिषदेचे मुलकी सदस्य. २५ ऑक्टोबर २०२१ च्या लष्करी बंडात त्यांना अटक झाली.' ठीक?

उत्तर (मूर्तिजापूर)
'बंड' बदला. बंड खालचा माणूस वरच्याविरुद्ध करतो. सत्ता हाती घेणारे लष्करप्रमुख जनरल बुऱ्हान तर त्याच परिषदेचे अध्यक्ष होते. 'लष्करानं सत्ता बळकावली तेव्हा' असं सरळ लिहा.