खापरीपासून अंबाझरीपर्यंत, खिडकीशी

नागपूरच्या मेट्रोत पोचण्यापलीकडे काय मजा, असं तुम्ही विचारलंत. आम्हा वर्ध्याजवळच्या सेलूकडच्यांना विचारा! वर्धा रोडनं एसटीनं यायचं, खापरीला मेट्रो धरायची. हे स्टेशन जमिनीवरच आहे. तिथून निघाल्यावर गाडी हळूहळू वर चढते, ते मला अजूनही फार आवडतं. पुढे ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल लागतो. खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर आपण.

मागच्या दिवाळीत आईला नेलं. बर्डीला, म्हणजे सीताबर्डी स्टेशनला, गाडी बदलून लोकमान्य नगरकडे निघालो. अंबाझरी तलाव दिसताच ती उठून उभी राहिली, तळहात काचेला टेकवून. "बाप्पा, किती पानी हाये हे!" उन्हाळ्यात विहिरीचा तळ बघितलेली बाई आहे ती. मग झाडांचे शेंडे वरून बघत बसली, विहिरीत वाकून बघावं तशी. जन्मभर शेतात राबली, पण झाड वरून कधी पाहिलं नव्हतं तिनं.

आणि ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाल तेव्हा गड्डीगोदामला मोबाईल खिशात ठेवा. रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो. खालून मालगाडी जात असेल तर नशीबच.