बाखच्या ‘ख्रिसमस ऑरेटोरिओ’त घरच्यांचा हात किती?

आल्टोताई:
नाताळाच्या कार्यक्रमात आमचा क्वायर बाखच्या ‘ख्रिसमस ऑरेटोरिओ’तला (नाताळावरची त्याची मोठी गायनरचना) एक कोराल, म्हणजे चर्चमधलं समूहगीत, गाणार आहे आणि निवेदन माझ्या गळ्यात पडलंय. क्वायरमधल्याच एकांनी लिहून दिलंय की १७३४ च्या नाताळाआधी बाखची बायको आणि मोठे दोन मुलगे रात्ररात्र जागून हे काम पुरं करत होते. खरं आहे का? आमच्याकडे सध्या हेच चाललंय, नवरा पानं पंच करतोय आणि लेक फायलींवर नावं घालतेय, म्हणून मला जरा जास्तच पटलंय.

पिसाची लेखणी:
चित्र बरं आहे, साल चुकलंय. थोरला मुलगा फ्रीडेमान १७३३ लाच ड्रेस्डेनला ऑर्गनवादक म्हणून गेला. दुसरा, इमॅन्युएल, १७३४ मध्ये शिकायला फ्रांकफुर्ट आन डेर ओडरला. त्यांना बाखच्या गावी, लाइपझिगच्या टेबलाशी बसवू नका. मुलांचं अक्षर बघायचं तर जुलै १७३३ ची मिस्सा (चर्चच्या उपासनेची गायनरचना) बघा, ड्रेस्डेनच्या दरबाराला दिलेली, जिचा पुढे बी मायनर मास झाला. तिच्या पार्ट्समध्ये, म्हणजे एकेका वादक-गायकाच्या सुट्या पानांत, बाख, त्याची बायको आना मागडालेना आणि हे दोघे मुलगे, सगळ्यांचे हात आहेत.

आणि मदत म्हणजे रचना नव्हे, नक्कल. स्कोअर, म्हणजे सगळ्यांचे स्वर एकत्र असलेली प्रत, एकच. त्यातून प्रत्येक गायकाचा, प्रत्येक वाद्याचा पार्ट वेगळा उतरवायचा. पाच टोकांच्या लेखणीनं रेघा ओढायच्या, मग पिसानं स्वर. ऑर्गन बाकीच्यांपेक्षा चढा लागलेला, म्हणून त्याचा पार्ट एक स्वर खाली लिहायचा. झोपेत तिथेच घोळ होणार! शेवटी बाख स्वतः नजर फिरवायचा. लाइपझिगमध्ये नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या शेवटच्या तीन रविवारी चर्चमध्ये कँटाटा (गायन-वाद्यांची रचना) नसे, तेवढीच सवड.

स्वतः बाखही चुकलाय. पहिल्या कोरसचं संगीत त्याच्याच १७३३ च्या एका वाढदिवसाच्या कँटाटातलं. नव्या स्कोअरमध्ये ‘याउख्त्सेट’ (जल्लोष करा) लिहायचं तिथे हात जुन्याच शब्दांवर गेला, ‘टोनेट, इर पाउकेन’, वाजा नगाऱ्यांनो. मग खोडून दुरुस्त केलं. निवेदनात हे घ्या, लोक हसतील.

बेसवाला:
म्हणजे बायकोला काढायचं?

पिसाची लेखणी:
छे! फक्त १७३४ ला चिकटवू नका. तिचं अक्षर नवऱ्याच्या इतकं वळणावर गेलं होतं की पुढे अभ्यासकसुद्धा फसले. बाखच्या चेलो सुइट्सची (एकट्या चेलोसाठीच्या रचना) तिनं केलेली प्रत आहेच, बाखच्या हातची तर उरलेलीच नाही.

आल्टोताई:
घेतलं. ‘मुलगे’ काढते, खोडलेला शब्द घालते. आणि आमच्या घरच्या कारखान्याची बातमी: काल टेनरच्या चार फायलींत दुसरं पान उलटं लागलंय. आज पुन्हा सगळं सोडवायला बसलोय.