मदत हवी आहे : पानाचा जीवाश्म की मँगनीजची नक्षी?

गोव्यातल्या सांगे तालुक्यात विहिरीच्या खोदकामातून निघालेल्या ढिगात तळहाताएवढी चीप सापडली. जांभ्याखालची करडी, मऊ चिकणमाती आहे. मधोमध उघडली तेव्हा दोन्ही अर्ध्यांवर त्याच दोन काळ्या आकृत्या, आरशातल्यासारख्या.

शंका अशी : आपल्याकडचे मूळ खडक बहुतेक २०० कोटी वर्षांहून जुने, तेव्हा जमिनीवर झाडं नव्हतीच. शिवाय सांगे-रिवण भागात मँगनीज आहे आणि ते भेगेत पसरलं की हुबेहूब नेच्याच्या पानासारखं दिसतं. पण ही माती मूळ खडक नाही, जांभ्याखालचा नंतरचा गाळही असू शकतो. एका आकृतीला सरळ मधली शीर आणि दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर उपशिरा दिसतात (१०पट भिंगातून). दुसरी मात्र कडेपासून आत फांद्या फुटत गेलेली.

कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढली. एका कोपऱ्यावर ओला कापूस लावला तर माती लगेच विरघळली, काळा थर बोटाला आला, तिथेच थांबलो. व्हिनेगरच्या थेंबाने फेस आला नाही. आता वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत ठेवली आहे, तरी कडेला बारीक तडे जाताहेत. फोटो, मोजपट्टीसह, सोबत जोडले आहेत. तुकडा मोडून तपासायचा नाही.

हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब कोपऱ्यावर टाकून बुडबुडे आले तर मँगनीज नक्की धरायचं का? आणि तडे थांबवायला आधी हळूहळू सुकवू की लगेच पातळ पॅरालॉइड (ठिसूळ नमुने पक्के करायचं अ‍ॅक्रिलिक राळेचं द्रावण) लावू?