पहिलीपासून फ्रेंच इमर्शन: घरी कोणालाच फ्रेंच येत नसताना मुलीला घालावे का?

प्रश्न: ब्रॅम्प्टनकर आई

नमस्कार. आमची मुलगी सध्या सीनियर किंडरगार्टनमध्ये असून सप्टेंबरात पहिलीत जाईल. आम्ही कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात राहतो आणि आमच्या स्कूल बोर्डात (सरकारी शाळांच्या स्थानिक मंडळात) फ्रेंच इमर्शन पहिलीपासून सुरू होते. दिवसाचा निम्मा भाग फ्रेंचमधून व निम्मा इंग्रजीतून शिकवला जातो, आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढतात. अर्जाची मुदत तीन आठवड्यांवर आली आहे आणि घरात अजून एकमत नाही.

आम्हा दोघांनाही फ्रेंचचा गंध नाही. घरात मराठीच चालते, कारण सासूबाई आमच्याकडे असतात आणि मुलगी त्यांच्याच हाताखाली वाढली आहे. इंग्रजी ती शाळेत गेल्यावर शिकली. आता बोलते छान, पण वाचनाची नुकती कुठे सुरुवात आहे. यजमानांच्या मते तीन भाषांच्या नादात ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ अशी गत होईल, आधी इंग्रजी पक्के होऊ द्यावे. मला मात्र ही संधी सोडवत नाही. शेजारच्या एका बाईंनी सल्ला दिला की फ्रेंच घ्यायचेच असेल तर घरातली मराठी कमी करा, म्हणजे मुलीवरचा ताण हलका होईल. हे वाक्य सासूबाईंच्या कानावर गेल्यापासून त्या गप्प गप्प आहेत. दुसऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी तर इमर्शनच्या भानगडीत न पडता सरळ पूर्ण फ्रेंच शाळेतच घाला, असे सुचवले.

ज्यांची मुले यातून गेली आहेत त्यांनी कृपया सांगावे: गृहपाठ कसा निभावला, इंग्रजी मागे पडले का, आणि मधेच जमले नाही तर परतीची वाट असते का?

उत्तर: रिडोकाठचा

मराठी कमी करू नका, हे सर्वांत आधी लिहितो. बाकीचे नंतर.

आम्ही ओटावात राहतो. थोरली मुलगी इमर्शनमधूनच बारावी होऊन बाहेर पडली, धाकटा आता सहावीत आहे. आम्हा नवराबायकोला तेव्हा फ्रेंच येत नव्हते आणि आजही माझी मजल बेकरीतल्या पाटीपलीकडे जात नाही. तुम्हाला जी उणीव वाटते आहे, ती धरूनच हा अभ्यासक्रम आखलेला आहे. ज्या मुलांच्या घरी फ्रेंच बोलले जात नाही त्यांच्यासाठीच तो आहे, त्यामुळे शाळेची पत्रे घरी इंग्रजीत येतात आणि पालकांनी फ्रेंच शिकवावे अशी अपेक्षा कोणी धरत नाही.

गृहपाठाचे विचाराल, तर आमच्याकडे सर्वांत जड गेले ते ‘दिक्ते’, म्हणजे आपले शुद्धलेखन. दर सोमवारी दहा शब्दांची चिठ्ठी यायची, ती फ्रिजवर लागायची आणि शुक्रवारी वर्गात परीक्षा व्हायची. गुरुवारी रात्री शब्द वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे होते. एकदा पक्षी या अर्थाचा शब्द आला. सहा अक्षरे होती, मी ती इमानाने जोडून ‘ओइसिआउ’ असे काहीतरी वाचले. मुलगी पेन्सिल खाली ठेवून हसत सुटली. “बाबा, ते वाझो आहे!” त्या सहा अक्षरांतले एकही लिहिल्यासारखे उच्चारायचे नसते, हे मला पस्तिसाव्या वर्षी सात वर्षांच्या मुलीकडून कळले. त्यानंतर आम्ही रीत बदलली: आधी तिने मला शब्द वाचून दाखवायचे, मी ते देवनागरीत लिहून घ्यायचे आणि मग मी तिला घालायचे. माझी ती देवनागरी फ्रेंच वही अजून घरात आहे, आणि खरे सांगायचे तर मुलीची उजळणी त्या उलट्या शिकवणीतच जास्त झाली.

आकड्यांनीही थोडे दिवस छळले. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा आणि ब्याण्णव म्हणजे चार-वीस-बारा, त्यामुळे तोंडी हिशेब करताना मुले आधी संख्येपाशीच अडखळतात. गणित कच्चे आहे असे समजून आम्ही उगाच घाबरलो होतो. तोच हिशेब मराठीत विचारला की उत्तर ताबडतोब येत असे. तेव्हा गणित कोणत्या भाषेतून शिकवतात हे तुमच्या शाळेत आवर्जून विचारा, कारण ते बोर्डाबोर्डांत वेगवेगळे असते.

इंग्रजीची काळजी आम्हीही केली होती. दुसरीपर्यंत थोरलीचे इंग्रजी लेखन गमतीदार असे, फ्रेंच वळणाने शब्द लिहायची. आम्ही एवढेच केले की ग्रंथालयातून दर शनिवारी इंग्रजी पुस्तके आणायची आणि रोज रात्री एक वाचायचे. चौथी-पाचवीपर्यंत फरक उरला नाही. बारावीत तिने देल्फ ही फ्रेंचची परीक्षा बी-२ पातळीची दिली. या शहरात केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत दोन्ही भाषांना किंमत आहे, हा फायदा इथल्या प्रत्येक पालकाच्या मनात असतो आणि माझ्याही होता, तो लपवण्यात अर्थ नाही.

उत्तर: फळा आणि खडू

मी टोरंटो परिसरातल्या एका इमर्शन शाळेत दुसरीला शिकवते. माझे स्वतःचे फ्रेंच पुण्याचे आहे. आधी आलियाँस फ्रांसेजमध्ये आणि मग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, त्यामुळे मराठी मूल फ्रेंचशी कुठे झुंजते हे मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे.

पहिलीच्या वर्गात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मुले इंग्रजीत बोलतात आणि शिक्षिका फ्रेंचमध्येच उत्तर देते. हातवारे, चित्रे, गाणी आणि रोज त्याच क्रमाने होणारी कामे (आजचा वार, आजची हवा, डब्याची वेळ) यांतून अर्थ उलगडत जातो. प्रत्येक मुलाला येणारे पहिले संपूर्ण वाक्य जवळजवळ ठरलेले असते: “मादाम, एस्क झ प्य आले ओ त्वालेत?” गरजेइतका चांगला गुरू नाही, कारण बाथरूमला जायची परवानगी या वाक्याशिवाय मिळत नाही! हिवाळ्याच्या सुटीनंतर दोन भाषांची खिचडी सुरू होते. “मादाम, इल आ टुक मों क्रेयों,” अशी पेन्सिल पळवल्याची फिर्याद माझ्यापुढे दर आठवड्याला येते. ‘टुक’ तेवढे इंग्रजी, बाकी सारे फ्रेंच. असे वाक्य ऐकून पालक दचकतात, मला मात्र ते मूल फ्रेंचच्या वाक्यात शिरल्याची खूण वाटते.

या पद्धतीचा उगमही तुमच्यासारख्याच काळजीतून झाला. मॉन्ट्रियलजवळच्या सेंट-लॅम्बर्ट गावातील इंग्रजी भाषक पालकांना आपली मुले क्वेबेकमध्ये राहून फ्रेंच बोलू शकत नाहीत, हे खटकत होते. बरीच खटपट करून त्यांनी १९६५ मध्ये किंडरगार्टनचा पहिला इमर्शन वर्ग सुरू करून घेतला. मॅकगिल विद्यापीठाच्या वॉलेस लॅम्बर्ट आणि रिचर्ड टकर यांनी त्या मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. इंग्रजी शिकवणे सुरू होईपर्यंत इंग्रजी वाचन-लेखनात मुले थोडी मागे राहतात आणि सुरू झाल्यावर भरून काढतात, हे तेव्हा दिसले आणि नंतरच्या अभ्यासांतही तेच आढळत आले. तुमच्याकडे तर पहिल्या दिवसापासून निम्मी शाळा इंग्रजीत आहे. ओंटारियोत इमर्शनच्या मुलाला आठवीअखेर किमान ३,८०० तास फ्रेंचमधून शिक्षण मिळते, तर चौथीपासून सर्वांना सक्तीचे असलेले नेहमीचे फ्रेंच किमान ६०० तासांचे असते. इतक्या तासांत मूल भाषेचे नियम पाठ करण्यापेक्षा त्या भाषेत इतर विषय शिकते, हाच इमर्शनचा गाभा आहे.

मात्र मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण माहितीपत्रकात ती नसते. ही मुले ऐकून आणि वाचून फार उत्तम समजतात, परंतु बोलण्या-लिहिण्यात चुका मुरून बसतात. ‘माझे झाले’ हे सांगताना ‘झे फिनी’ म्हणायचे, ते इंग्रजीच्या सवयीने ‘झ स्वी फिनी’ म्हणतात, आणि आठवीपर्यंत तसेच म्हणत राहतात. ऐकण्याची संधी भरपूर असते, पण नेमके बोलावे-लिहावे लागेल असे प्रसंग कमी पडतात, असे निरीक्षण मेरिल स्वेन या अभ्यासक बाईंनी १९८० च्या दशकात मांडले. मैदानावर खेळताना सगळी मुले इंग्रजीतच बोलतात, हे मी रोज पाहते. पॅरिसच्या मुलासारखे फ्रेंच येईल असे समजून अर्ज भरू नका.

आता शेजारच्या बाईंच्या सल्ल्याविषयी. मराठी कमी केल्याने फ्रेंचला जागा होते, ही समजूत चुकीची आहे. ज्या मुलाच्या घरच्या भाषेत गोष्टी, भांडणे, हट्ट, कोडी सारे काही चालते, त्याच्याकडे कल्पना आधीच असतात, माझ्या वर्गात त्याला फक्त नवा शब्द लागतो. शिवाय मराठी मुलाच्या हाताशी काही आयत्या गोष्टी असतात. निर्जीव वस्तूला लिंग असते हे इंग्रजी घरातल्या मुलाला पटवताना माझा निम्मा महिना जातो. मराठी मूल तिथे वाद घालत नाही. खुर्ची दोन्हीकडे ‘ती’ आहे, फार तर चंद्र फ्रेंचमध्ये ‘ती’ कसा झाला म्हणून ते रुसते. ‘त्यू’ आणि ‘वू’ हा भेद तू आणि तुम्ही इतकाच सोपा आहे. फ्रेंच ‘त’ आणि ‘द’ तर जवळजवळ आपलेच, दातांना जीभ लावून म्हणायचे. इंग्रजी वळणाचा ‘ट’ काढून टाकण्याची मेहनत वाचते. अडते ते ओठांचा चंबू करून ‘ई’ म्हणण्यापाशी आणि घशातल्या ‘र’पाशी, पण सहा वर्षांच्या मुलाला दोन्ही खेळ वाटतात.

उत्तर: तिसरीत बाहेर

वरची दोन्ही उत्तरे आवडली, पण आमचा अनुभव वेगळा असल्याने तोही नोंदवतो. कोणत्या बोर्डात ते लिहीत नाही.

आमचा मुलगा पहिलीपासून इमर्शनमध्ये होता. फ्रेंच वाचून दाखवायचा, अगदी घडाघडा, आणि आम्ही खूश होतो. दुसरीच्या शेवटी सहज मी त्याला वाचलेल्या पानावरचा कुत्रा कुठे गेला ते मराठीत विचारले, तेव्हा पानावर कुत्रा आहे हेच त्याला माहीत नव्हते. तो अक्षरांचे आवाज काढत होता, अर्थ लागतच नव्हता. आम्हाला फ्रेंच येत नसल्याने दोन वर्षे हे लक्षात आले नाही, आणि घरी फ्रेंच नसण्याचा खरा तोटा मला वाटतो तो हाच. त्याच वर्षी वर्गशिक्षिका मधेच रजेवर गेल्या आणि बदली शिक्षकाला फ्रेंच जेमतेम येत होते. फ्रेंच शिकवणाऱ्यांची टंचाई आहे हे सर्वांना माहीत असते, ती आपल्या मुलाच्या वर्गात आली की मात्र झोंबते.

मुलाला वाचनाची अडचण इंग्रजीतही होती, असे पुढे तपासणीत निघाले. म्हणजे दोष फ्रेंचचा नव्हता. पण इमर्शनच्या वर्गात त्याला लागणारी जादा मदत मिळत नव्हती आणि इंग्रजी वर्गात मिळाली, म्हणून तिसरीत आम्ही त्याला काढले. परतीची वाट असते का, तर असते, इंग्रजी शाखेत केव्हाही जाता येते. उलट दिशेने मात्र ठरलेल्या इयत्तेशिवाय प्रवेश मिळणे कठीण. मुलगा आज बरा वाचतो. त्या दोन वर्षांचा त्याला राग नाही, मला थोडा आहे, आणि तो माझ्यावरच आहे.

तुम्ही घातलेच, तर आठवड्यातून एकदा तिच्याकडून फ्रेंच पानातली गोष्ट मराठीत ऐका. तिला ती सासूबाईंनाच सांगू द्या. वाचलेले कळले की नाही, हे पाच मिनिटांत समजेल. आणि बसची चौकशी आधी करा. इमर्शनची शाळा जवळची नसते, आमचा मुलगा रोज ४० मिनिटे बसमध्ये असे आणि पहिले वर्षभर घरी येऊन नुसता झोपे.

उत्तर: मॉन्ट्रियलचा जुना

एकच दुरुस्ती. ‘पूर्ण फ्रेंच शाळा’ म्हणजे इमर्शनची वरची पायरी नव्हे. ओंटारियोतील फ्रेंच भाषक बोर्डांच्या शाळा तिथल्या फ्रेंच अल्पसंख्याकांसाठी आहेत, आणि त्यांत मुलांना घालण्याचा हक्क कॅनडाच्या १९८२ च्या मूलभूत हक्कांच्या सनदेच्या कलम २३ मधून येतो: पालकाची मातृभाषा फ्रेंच असावी किंवा त्याचे प्राथमिक शिक्षण कॅनडात फ्रेंचमधून झालेले असावे, अशा अटींवर. इतरांना प्रवेश समितीपुढे अर्ज करता येतो, पण तिथे घरातले फ्रेंच पाहतात. तुमच्या घरासाठी तो मार्ग नाही.

ब्रॅम्प्टनकर आई

सर्वांचे मनापासून आभार. तिसरीत बाहेर, तुमचे उत्तर यजमानांना दोनदा वाचून दाखवले. ते अनुकूल झाले ते त्यामुळेच, कारण परतीची वाट आहे आणि काय तपासत राहायचे, हे दोन्ही त्यांना कळले. शाळेकडे चौकशी केली, गणित आमच्याकडे इंग्रजीतून आहे. बस मिळेल, पण थांबा दोन चौक पुढे आहे, तेव्हा जानेवारीतल्या बर्फात तिथवर कोण सोडणार हा वाद अजून मिटलेला नाही.

काल रात्री सासूबाईंना ब्याण्णवची गोष्ट सांगितली. चार-वीस-बारा म्हटल्यावर त्या बऱ्याच दिवसांनी मोकळ्या हसल्या. “यात अवघड काय आहे? आमच्याकडे माझी आजी नारळ विसांनीच मोजायची. चार विसा आणि वर बारा!” मग नातीला जवळ घेऊन हरभऱ्याचे दाणे ताटात वीस-वीस मांडून बसल्या. अर्ज आज सकाळी भरला. सोडतीचा निकाल लागला की इथेच कळवीन.