मदत हवी आहे: अँपची (अँप्लिफायरची) पॉवर कॉर्ड बदलल्यावर घूं आवाज गेला, कॉर्ड घेऊ का?

नमस्कार मंडळी,

बाबांच्या एलपी गेल्या वर्षी माझ्याकडे आल्या. बहुतेक ख्याल, थोडी नाट्यगीतं. त्यांच्यासाठी 60 वॉटचा जुना स्टिरिओ अँप, टर्नटेबल आणि दोन बुकशेल्फ स्पीकर जमवले. टीव्हीचा आवाजही याच अँपमधून येतो. घर पुण्यात, इमारत 35 वर्षांची, वायरिंग मूळचंच.

स्पीकरमधून सतत बारीक घूं येतो. बातम्या चालू असताना कळत नाही, पण आलापाच्या आधी नुसता तानपुरा वाजतो तिथे फार खुपतो. फोनवरच्या ॲपमध्ये दोन उंच रेघा दिसतात, 50 आणि 150 हर्ट्झला. गाणारा काळी एक पट्टीचा असेल तर तानपुऱ्याच्या जोडीचा सा साधारण 139 हर्ट्झ. म्हणजे 150 हा कोमल रिषभाच्या अगदी लगत. यमन लावला तरी मागे कोमल रिषभ धरून कोणीतरी बसलंय असं वाटतं. बाबा तानपुरा लावायला बसले की घरात कोणी भांडंही वाजवायचं नाही. त्यांच्याच रेकॉर्ड अशा ऐकाव्या लागतात याचं वाईट वाटतं.

टर्नटेबलची अर्थची बारीक वायर अँपच्या स्क्रूला घट्ट आवळून पाहिली, फरक नाही. इनपुट कुठलाही निवडला तरी घूं आहेच.

एका दुकानदाराने दोन दिवसांसाठी एक जाडजूड आयात पॉवर कॉर्ड वापरून बघायला दिली. किंमत 22,000. माझा या प्रकारावर विश्वास नव्हता, कारण हिशेब जुळत नाही. जुनी कॉर्ड 0.75 चौरस मिमीची, दीड मीटर. जाऊन-येऊन 3 मीटर तांबं, रोध सुमारे 0.07 ओहम. एक अँपिअर ओढला तरी 230 व्होल्टमधला 0.07 व्होल्ट पडणार. डीबीपासून (घरातल्या मुख्य वीज-बोर्डापासून) सॉकेटपर्यंत भिंतीतली वायर 20 मीटर तरी असेल. ती 1.5 चौरस मिमीची धरली तर तिचाच रोध याच्या सहापट. मग शेवटचा दीड मीटर बदलून काय साधणार?

पण कॉर्ड लावली आणि घूं जवळजवळ गेला! कल्पनेचे खेळ नकोत म्हणून बायकोला पाठ करून बसवलं आणि नाणं उडवून कधी ही, कधी ती कॉर्ड लावली. 10 पैकी 10 वेळा तिने बरोबर ओळखलं. कॉर्ड सोमवारी परत द्यायची आहे. घेऊ का? एवढ्या पैशात टर्नटेबलसाठी चांगलं कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) येईल, म्हणून जीव अडकलाय.

प्रतिसाद 1

10 पैकी 10 म्हणजे फरक खराच आहे, अंदाजाने एवढं जमत नाही. माझ्याकडे कॉर्ड बदलून काही झालं नव्हतं. सॉकेट सैल असेल तर आधी ते बदला, दीडदोनशेचं काम.

प्रतिसाद 2

फरक खरा आहे हे मान्य, पण तो कशाने पडला ते बघूया. त्या कॉर्डचा भिंतीकडचा प्लग कसा आहे? युरोपातला शुको, म्हणजे दोन गोल पिना आणि कडेला दोन पत्रे, असा आहे का? तुम्ही तो कशात लावलात?

धागाकर्ता

हो, दोनच गोल पिना, बाजूला पत्रे. स्पाइक गार्डच्या युनिव्हर्सल सॉकेटमध्ये छान घट्ट बसला.

प्रतिसाद 2

मग कृपया ती कॉर्ड आत्ताच काढा. शुकोचं अर्थिंग त्या बाजूच्या पत्र्यांमधून होतं. आपल्या सॉकेटात पत्र्यांना टेकायला काहीच नसतं, त्यामुळे तुमचा अँप दोन दिवस अर्थशिवाय चाललाय. उद्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर कॅबिनेटवर 230 व्होल्ट येतील आणि एमसीबी पडणारही नाही, कारण करंटला जायला वाटच नाही. खात्री करायची तर स्पाइक गार्ड भिंतीतून काढा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी सलग असली की बीप देतो ती सेटिंग) ठेवा, एक टोक स्पाइक गार्डच्या जाड पिनेला आणि दुसरं अँपच्या मागच्या उघड्या स्क्रूला लावा. बीप यायलाच हवा.

घूं का गेला तेही यातूनच कळतं. अँपमधले फिल्टरचे कपॅसिटर सुकले असते तर 100 हर्ट्झ ठळक दिसला असता. 50 आणि 150 म्हणजे बहुधा अर्थ लूप, म्हणजे दोन ठिकाणांहून अर्थ मिळून झालेला वेढा. अँपला एक अर्थ भिंतीतून मिळतो, दुसरा कुठून येतोय? टीव्हीमागची गोल केबल काढून बघा. जुन्या कॉर्डवरच.

धागाकर्ता

रात्री सगळं केलं. नव्या कॉर्डवर बीप नाही, जुन्या कॉर्डवर स्वच्छ बीप. मग जुनीच कॉर्ड ठेवून सेट टॉप बॉक्समधून केबलवाल्याची वायर उपसली, आणि घूं त्या क्षणी बंद. मी खाली बसलो नुसता. वायर परत लावली की घूं हजर. तीनदा करून पाहिलं.

प्रतिसाद 2

सापडलं. केबलच्या जाळीचं (आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या आवरणाचं) अर्थिंग इमारतीत दुसरीकडे कुठेतरी आहे. दोन अर्थमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतो आणि तो तुमच्या ऑडिओ वायरच्या जाळीतून वाहतो. केबलवर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवा, छोटा नळीसारखा असतो, सिग्नल जाऊ देतो पण अर्थची जोडणी तोडतो. (डिश असती तर हा चालला नसता, कारण तिथे त्याच वायरमधून एलएनबीला, म्हणजे डिशवरच्या सिग्नल पकडणाऱ्या भागाला, वीज जाते.) किंवा टीव्हीला ऑप्टिकल आउट असेल तर तिथून एक साधा डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारा डबा) आणि मग अँप. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या तंतूतून अर्थ जात नाही. घूं थांबवायला अँपची अर्थ पिन मात्र कधीही कापू नका.

धागाकर्ता

मनापासून आभार. टीव्हीला ऑप्टिकल निघालं, डॅक मागवलाय. तोवर रेकॉर्ड ऐकताना केबल काढून ठेवतो. काल पहिल्यांदा तानपुऱ्याची खर्जाची तार शेवटपर्यंत विरताना ऐकली. कॉर्ड परत करतोय, आणि त्या दुकानदारालाही प्लगचं सांगणार आहे. दुसऱ्या कोणाच्या घरी ती तशीच लागायला नको.

एक शेवटचं. मल्टिमीटर हातात होताच, म्हणून सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजला, 9 व्होल्ट आला. हे जास्त आहे ना? सोसायटीचा अर्थिंगचा खड्डा जिन्याखाली आहे, त्यात कोणी पाणी घातलेलं मला तरी आठवत नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावलं तर त्याच्याकडून नेमकं काय काय मोजून घेऊ?